तक्रार तांब्याची, तास इतिहासाचा

इसवी सनापूर्वी १७५०च्या सुमारास ऊर शहरातल्या एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याने नान्नी या गिऱ्हाइकाच्या गळ्यात हलकं तांबं मारायचा प्रयत्न केला. नान्नीचा माणूस माल न्यायला गेला, तर त्याच्यापुढे खराब लगडी टाकल्या आणि न्यायच्या तर न्या, नाही तर चालू लागा, असं ऐकवलं. वर रक्कम अडकवून ठेवली. नान्नीने सगळा राग ओल्या मातीच्या पाटीवर उतरवला. तळहातात मावेल एवढी ती पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तिचा फोटो कुणालाही फुकट बघता येतो.

सहावी-सातवीच्या मुलांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. ऑनलाइन मागवलेल्या बुटांऐवजी भलताच जोड आला की घरात काय गदारोळ होतो, ते त्यांनी पाहिलेलं असतं. मग प्रश्न निघतात. एआ-नासिरचं म्हणणं काय होतं? मुळात ऊरमध्ये तांबं होतं कुठे?

नव्हतंच. दक्षिण इराकच्या गाळाच्या जमिनीत धातूंच्या खाणी नाहीत. तांबं दिलमुनमार्गे, म्हणजे आजच्या बहरीनमार्गे, समुद्रातून यायचं. त्याच बहरीनमध्ये हडप्पा संस्कृतीची वजनंही सापडली आहेत. म्हणजे पुस्तकातला हडप्पाचा धडा न सोडता वर्ग इराकपर्यंत जाऊन येतो.

जगाचा इतिहास म्हटलं की बहुतेक ठिकाणी व्हिडिओ लावला जातो. जॉन ग्रीन यांची ‘क्रॅश कोर्स’ मालिका २०१२ची. ४२ भागांत शेतीच्या सुरुवातीपासून जागतिकीकरणापर्यंत धावते. मालिका झकास आहे, पण त्यांच्या बोलण्याचा वेग इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही दमवतो. दुसऱ्या दिवशी विनोद तेवढे आठवतात. त्यापेक्षा स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले ‘रीडिंग लाइक अ हिस्टोरियन’चे मोफत पाठ वर्गाला जास्त उपयोगी. त्यांत एक प्रश्न असतो आणि सोप्या केलेल्या, कधी एकमेकांशी न जुळणाऱ्या साधनांवरून मुलांनीच उत्तर शोधायचं असतं. शिक्षकाने सगळं आधी सांगून टाकायचं नाही, हीच त्यातली अवघड गोष्ट!

अडतं ते भाषेपाशी. युनेस्कोच्या सहकार्याने २००९मध्ये सुरू झालेलं ‘वर्ल्ड डिजिटल लायब्ररी’ सात भाषांत होतं. त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, मजकूर भरवशाचा आहे, पण तो मोठ्यांसाठी लिहिलेला. अकरा-बारा वर्षांचं मूल दुसऱ्या परिच्छेदातच गळपटतं. यावर आणखी एखादं भव्य पोर्टल नको. एका वस्तूवर एक पान, असे पन्नास पाठ मराठीत झाले तरी पुष्कळ. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून ते आठवड्यात गावोगाव पोचतील.

त्यासाठी दर वेळी लंडन गाठायचीही गरज नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पॉसायडन या ग्रीक सागरदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. ती तिथल्याच टाऊन हॉल संग्रहालयात आहे. घाटावर, पंचगंगेच्या काठी, रोमन व्यापाराच्या काळातला हा समुद्राचा देव आला कसा? चारी बाजूंनी काढलेले फोटो, एक नकाशा आणि साध्या मराठीत पानभर टिपण एवढं कुणी नेटवर टाकलं, तर गडचिरोलीतल्या शाळेतही त्यावर तास घेता येईल.