पासपोर्ट तिचा, पैसा कोणाचा?

पिंपळगाव बसवंतची द्राक्षे परदेशी जातात, तशा आता लेकीच्या बाळंतपणासाठी आयाही जातात. पासपोर्ट तिच्या नावाचा. पण कार्ड नवऱ्याकडे आणि खात्याला मोबाइल नंबर मुलाचा! मग तिकडे साधे औषध घ्यायचे तरी जावयापुढे हात पसरायचा. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली ‘स्त्रीधर्मनीति’ विकून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले होते. आणि आपण?

मैत्रिणींनो, निघण्यापूर्वी खात्याला स्वतःचा नंबर जोडा, त्यावर रोमिंग घ्या, म्हणजे ओटीपी तुमच्याच हाती येईल. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच मिळते. ते सुरू करून घ्या. थोडे परकीय चलनही जवळ ठेवा. बाळंतिणीची सेवा ती विनामोल करते; निदान तिच्या खात्याची किल्ली तरी तिच्याच कमरेला असावी.