आडातच आटलं तर...

परवा आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी उशिरा आल्या. डोळे लाल, पदराला धुराचा वास. मी विचारलं, "मावशी, बंब पेटवत होतात का?" तर म्हणाल्या, "बंब कसला ताई, स्वयंपाकच चुलीवर केला. टाकी संपून महिना झाला. एकदम एवढे पैसे आणू कुठून?"

मावशींच्या घरी उज्ज्वला योजनेतली शेगडी आहे, लाल सिलिंडर आहे, कनेक्शन त्यांच्याच नावावर आहे. फक्त सिलिंडरमध्ये गॅस नाही!

मैत्रिणींनो, गॅस महागला की आपण सरकारच्या नावाने बोटं मोडतो. ती मोडावीतही. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हेही एकदा बघायला हवं. आपला आड म्हणजे मुंबईच्या समुद्रातलं 'बॉम्बे हाय'. 1974 मध्ये 'सागरसम्राट' जहाजाने तिथे तेल शोधलं आणि 1976 मध्ये ते हाती येऊ लागलं. उरणच्या प्रकल्पात तिथल्याच वायूपासून स्वयंपाकाचा गॅस तयार होतो. 1980 च्या दशकात बॉम्बे हाय दिवसाला चार लाख पिंपांहून जास्त तेल देत होतं. 2024 मध्ये हा आकडा दीड लाखाच्याही खाली आला. विहीर म्हातारी झाली की पाणी खाली जातं, तसंच हे.

इकडे विहीर आटतेय आणि तिकडे घागरी वाढल्यात. 2014 मध्ये देशात गॅसची साधारण साडेचौदा कोटी कनेक्शनं होती, 2025 मध्ये ती 33 कोटींच्या आसपास गेली. चांगलीच गोष्ट आहे, कोणाच्या घरात धूर राहावा असं कोणाला वाटेल? पण 2024-25 मध्ये देशात वापरलेल्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे साधारण 60 टक्के, परदेशातून आला होता. तोही बहुतेक आखाती देशांतून. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद जागी चाळीस किलोमीटरही रुंद नाही. आपल्या पोळीखालच्या जाळाची वाट तिथून येते. तिकडे युद्धाची नुसती ठिणगी पडली तरी इकडे आपल्या डब्यातले पैसे हलतात.

मे 2020 मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर 579 रुपयांना होतं. मार्च 2023 मध्ये तेच 1102 रुपये 50 पैशांवर गेलं. पुढे दर उतरले, पुन्हा थोडे चढले. दरम्यान 2020 मध्येच सर्वसाधारण ग्राहकाच्या खात्यात येणारं अनुदान थांबलं. उज्ज्वलाच्या बायकांना 2022 पासून पुन्हा थोडं अनुदान मिळू लागलं, पण ते नंतर खात्यात जमा होतं. आधी पूर्ण रक्कम मोजावीच लागते, आणि रोजंदारीवरच्या बाईचं अडतं ते तिथेच.

पूर्वी अशा वेळी रॉकेल होतं. माझ्या आईने अर्धं आयुष्य रेशनच्या रांगेत डबा धरून काढलं. वातीचा स्टोव्ह काळा पडायचा, पण अडीनडीला धावून यायचा. मग गॅस आला, रेशनकार्डावर शिक्का बसला आणि रॉकेल तुटलं. 2020 पर्यंत केंद्राचं रॉकेलवरचं अनुदानही संपलं. म्हणजे बघा, चूल आणि गॅस यांच्या मधली पायरीच निघून गेली! आता गॅस परवडला नाही की बाई थेट लाकडांवर येते.

आणि लाकडं कोण आणतं? धूर कोणाच्या छातीत जातो? सरपणासाठी शाळा कोणाची बुडते? तेलाच्या टंचाईची चर्चा टीव्हीवर पुरुष मंडळी करतात, डॉलर आणि पिंपांच्या भाषेत. तिची किंमत मात्र बायका मोजतात, आपल्या वेळेत आणि श्वासात. हा हिशोब कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

आपल्या आधीच्या बायका गप्प बसल्या नव्हत्या. 1970 च्या दशकात धान्य, तेल, रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि जगभर भाव काही महिन्यांत चौपट झाले, तोही काळ हाच. आज लाटणं हातात घ्यायचं तर मागणी नुसती 'गॅस स्वस्त करा' एवढीच पुरणार नाही. आटणाऱ्या वस्तूला पर्याय मागायला हवा.

पर्याय आहेत, पण एकच एक नाही. दोन-तीन जनावरं असतील तर छोटा गोबरगॅस चालतो. गोठा नसेल तरी पुण्याच्या 'आरती' संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर, खराब पिठावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केलं. 2006 मध्ये त्याला ॲश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेतली खिचडी, अंगणवाडी, वसतिगृह अशा ठिकाणी असं काही का होऊ नये? ग्रामसभेत, वॉर्डात हा प्रश्न आपणच विचारायचा. वीज बऱ्यापैकी टिकत असेल तर इंडक्शनची शेगडी जोडीला ठेवता येते. डाळ, कडधान्य आधी भिजवून कुकरला लावणं हे तर आपल्या हातातलंच.

पण मावशींकडे गोठा नाही, अंगण नाही, विजेचं बिलही जेमतेम भरलं जातं. त्यांना आधी आजचा जाळ हवा. उज्ज्वला योजनेत 14.2 किलोच्या सिलिंडरऐवजी 5 किलोचं छोटं घेण्याची सोय आहे. एका वेळी कमी पैसे लागतात. हे मावशींना माहीत नव्हतं. खरं सांगू, त्या धुराच्या वासाने मी चौकशी करेपर्यंत मलाही माहीत नव्हतं!

येत्या बैठकीत आमच्या बचत गटापुढे मी एक विषय ठेवणार आहे. लग्नाला, आजारपणाला कर्ज देतो, तसं गॅस भरायला बिनव्याजी उचल द्यायची का? शे-पाचशेचा प्रश्न आहे, पण त्यावर एका बाईचे डोळे अवलंबून आहेत. तुमच्या गटात विचारून बघा. आणि शेजारच्या घरातली टाकी भरलेली आहे का, तेही एकदा विचारा.