'पहिल्यापासून कच्चं' म्हणजे नक्की केव्हापासून?

होस्टेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "माझं मॅथ्स पहिल्यापासूनच कच्चं आहे रे!" एम-वनचा निकाल लागला की हे वाक्य जवळजवळ प्रत्येक रूममधून येतं. मीही म्हणायचो. माझा एम-वन दोनदा राहिला आणि तिसऱ्यांदा निघाला, म्हणजे हे म्हणण्याचा माझा हक्क कुणी नाकारणार नाही. पण मित्रांनो, हे 'पहिल्यापासून' म्हणजे नक्की केव्हापासून? बारावीपासून? दहावीपासून? मला याचं उत्तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गंगाखेडला मावशीच्या घरी मिळालं, आणि ते पार खाली, तिसरी-चौथीत निघालं.

मावशी गंगाखेड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी, म्हणजे वर्ग चार आणि शिक्षक दोन. तिसरी-चौथी मावशीकडे. एका खोलीत दोन वर्ग बसतात. तिसरीला गणित द्यायचं, तोपर्यंत चौथीला शुद्धलेखन, मग उलट. दिवाळीत आपण फराळावर ताव मारत असतो, तेव्हा मावशीसमोर दोन गोष्टी होत्या. एक टाचण वही आणि एक पेपरांचा गठ्ठा.

ज्यांच्या घरी कुणी गुरुजी नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. टाचण म्हणजे पाठाची आगाऊ तयारी. वर्षाच्या सुरुवातीला वार्षिक नियोजन, त्यातून मासिक, त्यातून घटक नियोजन आणि शेवटी रोजचं टाचण. आज कोणता घटक, त्यातून मुलाला काय यायला हवं, साहित्य काय वापरणार, कृती कोणती, मूल्यमापन कसं, असे सगळे रकाने. 'मुलाला काय यायला हवं' याला आता 'अध्ययन निष्पत्ती' म्हणतात. केंद्रप्रमुख आले की आधी टाचण वही बघतात. मावशीची वही इतकी सुबक आहे की आपल्या सबमिशनच्या फायली तिच्यापुढे लाजतील.

ही निष्पत्ती एकेकाळी 'किमान अध्ययन क्षमता' होती. दवे समितीचा अहवाल १९९१ चा. मग शिक्षण हक्क कायदा आला आणि २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, त्यात 'आकारिक' आणि 'संकलित' असे दोन भाग. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र', २०१७ ला अध्ययन निष्पत्ती, २०२१ ला 'निपुण भारत'. निपुणचं लक्ष्य असं, की पहिलीच्या मुलाला ९९ पर्यंत, दुसरीच्या मुलाला ९९९ पर्यंत आणि तिसरीच्या मुलाला ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात. २०२३-२४ पासून राज्यभर पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन अशा तीन चाचण्या आल्या. प्रत्येक वेळी नाव बदललं आणि टाचणाचे रकाने बदलले. मावशी म्हणते, "वह्या भरून माळा भरला बाबा."

या सगळ्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. लेकराला काय यायला हवं हे राज्याने लिहून द्यावं, हे चांगलंच आहे. गंगाखेडच्या वाडीवरच्या मुलाकडून आणि पुण्याच्या मुलाकडून सारखीच अपेक्षा ठेवली, यात समता आहे. माझा मुद्दा पुढचा आहे, आणि तो त्या पेपरांच्या गठ्ठ्यात होता.

मावशीने स्वतः काढलेल्या चौथीच्या घटक चाचणीचे ते पेपर होते. मी म्हटलं, "आण, मी तपासतो." एक गणित होतं, ४०३ वजा १६८. उत्तर २३५. पोरं अकरा. बरोबर चौघांचं. बाकीच्यांना मी फटाफट शून्य देत सुटलो. मावशीने हात धरला. "थांब. त्यांनी काय लिहिलंय ते बघ की आधी."

बघितलं. तिघांचं उत्तर होतं ३६५. दोघांचं २४५. एकाने मांडणीच उलटी केली होती. एकाने कागद कोरा ठेवला होता.

आता जरा पेन्सिल घ्या. ३६५ कसं येतं? तीनमधून आठ जात नाहीत, मग आठातून तीन घालवले, पाच. शून्यातून सहा जात नाहीत, मग सहातून शून्य, सहा. चारातून एक, तीन. म्हणजे या लेकराच्या लेखी वजाबाकी म्हणजे 'मोठ्यातून लहान घालवणे', मग मोठा वर असो की खाली! त्याला हातचा माहीतच नाही. आणि २४५? त्याने शतक मोडलं, दहा दशक केले, तीनचे तेरा केले, पण त्यासाठी एक दशक दिला गेला हे विसरला. दशक दहाचे दहाच राहिले. दहातून सहा, चार. हे पोरगं जवळजवळ पोचलेलं आहे! त्याला फक्त 'दहातला एक दिलास, आता किती उरले?' एवढं विचारायचं आहे. पहिल्याला मात्र काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील, एक-दोन दिवस नाही, चांगला आठवडा.

मी दोघांनाही शून्यच दिलं होतं. आणि तपासणीचा तक्ता भरला असता तर दोघंही 'वजाबाकी – अप्राप्त' याच रकान्यात बसली असती.

इलेक्ट्रिकलवाल्या दोस्तांनो, आपण कंट्रोल सिस्टिममध्ये ओपन लूप आणि क्लोज्ड लूप पाठ करतो ना? आपल्या होस्टेलचा गिझर हे ओपन लूपचं आदर्श उदाहरण. साडेपाचला चालू, सातला बंद. पाणी तापलं का, पोरांच्या अंघोळी झाल्या का, त्याला देणंघेणं नाही. (रेक्टर सर वाचत असतील तर कृपया नोंद घ्यावी.) आपलं प्राथमिकचं गणिताचं नियोजन असंच टायमरवर चालतं. जुलैत बेरीज, ऑगस्टमध्ये वजाबाकी, सप्टेंबरमध्ये गुणाकार. महिना संपला, घटक संपला. लेकराला आला का, हे बघायला चाचणी आहे, म्हणजे सेन्सर बसवलेला आहे. पण त्या सेन्सरची वायर कंट्रोलरला जोडायची सोडून आपण वरच्या ऑफिसच्या डिस्प्लेला जोडली! गुण ॲपवर गेले, तालुक्याची टक्केवारी निघाली, गठ्ठा कपाटात गेला. सोमवारच्या टाचणात मात्र ठरलेला पुढचाच घटक. ज्याला हातचा कळला नाही त्याच्यापुढे भागाकार येऊन उभा. आणि भागाकारात पायरीपायरीला वजाबाकी करावी लागते, हे सांगायला नकोच.

कागदावर सगळं लिहिलेलं आहे, हेही खरं. चाचणीनंतर मागे पडलेल्या मुलांसाठी कृती कार्यक्रम घ्यावा अशा सूचना येतात. पण त्याच आठवड्यात मासिक नियोजनाप्रमाणे पुढचा घटकही व्हायला हवा असतो, आणि वहीत तपासला जातो तो पुढचा घटक.

मुलाच्या चुकीपासून सुरुवात करणं म्हणजे काय, याचं एक मोठं उदाहरण आपल्या राज्यातच होऊन गेलं आणि आपण त्याची टिंगल केली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' बरोबर 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं. केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही विषय गाजला. मी तेव्हा शाळेत होतो, मोबाईलवर आलेले विनोद मीही पुढे ढकलले. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंगला नारळीकर. (२०२३ साली त्यांचं निधन झालं.) त्यांचं म्हणणं साधं होतं. मराठीत 'त्रेसष्ट' म्हणताना आधी तीन ऐकू येतो आणि मग साठ, लिहिताना मात्र आधी सहा लिहायचा. लहान मूल इथे गोंधळतं. आपल्याच शेजारच्या तेलुगू-कानडीत दशक आधी आणि एकक नंतर. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती, त्यांच्या जोडीला दुसरी वाट दिली होती. मावशी सांगते की ऐकून ६३ च्या जागी ३६ लिहिणारं लेकरू तिला दरवर्षी भेटतं. नवी पद्धत योग्य की अयोग्य यावर वाद घाला. पण त्या समितीने पोरगं अडतं कुठे हे आधी बघितलं आणि पुस्तक नंतर लिहिलं, एवढं तरी मान्य करायला हवं होतं. आपण मराठी भाषा वाचवत बसलो. असो.

आता गंगाखेडचा प्रश्न, जो राज्याच्या कोणत्याच वेळापत्रकात बसत नाही. तो म्हणजे ऊस. पेपर तपासून झाल्यावर मावशीने अकरातले चार पेपर वेगळे काढले. म्हणाली, "ही आता पाडव्यापर्यंत दिसणार नाहीत." दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात येतो, भांडीकुंडी, शेळी आणि लेकरं सगळं ट्रॉलीत. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. आजी-आजोबा गावात असले तर मूल मागे राहतं, कुठे शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, तिथे राहतं. नाहीतर फडावर. दिवाळीनंतर वर्गात जे शिकवलं जातं, भागाकार असो की अपूर्णांक, ते या पोरांच्या वाट्याला येतच नाही. एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा समोर संकलित दोन. डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास झाला तर फेरपरीक्षा, तीही नाही निघाली तर त्याच वर्गात. त्या चौघांना पुढच्या वर्षी पाचवी आहे. आपल्याला इयर डाऊन होतं तेव्हा घरून फोन येतो, वडील चार दिवस बोलत नाहीत. या लेकरांचं इयर डाऊन झालं तर पुढच्या हंगामात हातात कोयता येतो.

आणि वजाबाकी लागते ती तिथेच! उचल किती घेतली होती, टनेज किती झालं, खाड्याचे किती कापले, उरले किती. मुकादम सांगेल तो हिशेब. घरात एकाला जरी हातच्याची वजाबाकी येत असली तरी वहीवर बोट ठेवून 'हे कसं काय?' असं विचारता येतं.

म्हणून माझं मत असं आहे, की निष्पत्ती राज्याची असू द्या, चाचणीही राज्याची असू द्या, पण नियोजनाचं कॅलेंडर शाळेच्या हातात द्या. ऊसपट्ट्यातल्या शाळेने स्थानिक किंमत, वजाबाकी आणि भागाकार जून ते ऑक्टोबरात उरकावे. आकृत्या, नक्षी, चित्रालेख दिवाळीनंतर घ्यावेत, आणि पाडव्यानंतर परत आलेल्यांना घेऊन पुन्हा एकदा भागाकार. चाचणी झाल्यावर आठवडाभर नवीन घटकच घेऊ नये. पेपर चुकीप्रमाणे लावावेत, ३६५ वाले एकीकडे, २४५ वाले एकीकडे, आणि त्या आठवड्याचं टाचण त्या ढिगांवरून लिहावं. केंद्रप्रमुखांनी वही तपासताना 'घटक कुठपर्यंत आला' याऐवजी 'हे ढीग कुठे आहेत' असं विचारावं. इयत्ता बाजूला ठेवून जे येतं त्यानुसार गट करायचे, ही कल्पना काही माझी नाही. 'प्रथम' संस्थेने ती बरीच वर्षं वापरली, आणि ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी अशा कामाचा अभ्यास केला, तो मुंबई आणि बडोद्याच्या शाळांमधून सुरू झाला होता.

मावशीला हे सगळं ऐकवलं तर ती हसली. "दोन वर्ग, सगळे विषय, खिचडीचा हिशेब, मतदार यादी, वर तुझे ढीग. कधी लावू रे?" हा प्रश्न खोटा नाही. एका शिक्षिकेला एकटीला हे झेपणार नाही. पण ढीग लावायला बी.एड. लागत नाही. ज्याला स्वतःला कधीतरी गणितात अडायला झालंय असा कुणीही लावू शकतो, आणि असे आपल्या होस्टेलमध्ये भरपूर आहोत! एन.एस.एस.मध्ये दरवर्षी आपण तीच नाली साफ करतो आणि तेच झाड लावतो. एखाद्या वर्षी चाचणीनंतरचे दोन रविवार जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पेपर लावत बसलो तर? प्रोग्राम ऑफिसर सरांकडे मी तसा अर्ज दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

त्या दिवाळीत मावशीबरोबर मी एवढंच केलं. गावाबाहेर जाणाऱ्या मुलांना शाळा शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावं. त्यावर नाव, इयत्ता असतं. त्या चार कार्डांना आम्ही एकेक चिठ्ठी पिनअप केली. एकावर लिहिलं, "वजाबाकीत मोठ्यातून लहान घालवतो, काड्यांचे गठ्ठे दिले की जमते." दुसऱ्यावर, "शून्य आले की अडते, बाकी येते."

पाडव्यानंतर चारपैकी तिघं परत आली. एक टोळी अजून तिकडेच होती. दोघांच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या, त्यातला एक तर तिकडे शाळेत गेलाच नव्हता. तिसरीने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. आमच्या चिठ्ठीखाली कुणीतरी निळ्या शाईत लिहिलं होतं, "आता जमते. भागाकार सुरू केला आहे, दोन अंकीपर्यंत झाला." खाली सही होती, पण ती मावशीला लागली नाही.