प्लायच्या कडेवर दोन देश

अंकाची जुळणी चालू असतानाच कार्यालयात सुतारकाम निघालं. जुन्या दिवाळी अंकांचं कपाट वाळवीनं पोखरलं होतं. सुतारकाकांनी एकोणीस एमएमचा प्लाय कापला आणि कड माझ्यासमोर धरली. आत पांढरट थर एकावर एक, वरखाली कागदाएवढा पातळ लालसर पापुद्रा. ‘आतला पॉप्लर यमुनानगरकडचा. वरचा गर्जन बाहेरनं येतो,’ ते म्हणाले. यंदाच्या संपादकीयाचा विषय मला त्या कडेवर सापडला: प्लायच्या धंद्यात भारत आणि चीनच्या वाटा कशा वेगळ्या झाल्या.

भारत आणि चीन, दोघांनीही जंगलाचं दार जवळपास एकाच वेळी लावून घेतलं. १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अरुणाचलच्या तिरप आणि चांगलांगमधले प्लायवूड कारखाने बंद केले, ईशान्येतून लाकूड बाहेर नेणं जवळपास थांबवलं. १९९८ मध्ये यांगत्सेला महापूर आला आणि चीननंही नैसर्गिक जंगलातल्या तोडीला आवर घातला. त्या काळात चीन स्वतः इंडोनेशियाकडून प्लायवूड विकत घेत होता.

पुढच्या पाच-सात वर्षांत पारडं फिरलं. शानदोंगमधल्या लिन्यीच्या परिसरात शेताकडेचा पॉप्लर खेडोपाडी सोलला जाऊ लागला, पापुद्रे उघड्यावर उन्हात वाळू लागले. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि दशकाच्या मध्यापर्यंत जगातला सर्वात मोठा प्लायवूड निर्यातदार झाला. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेनं चिनी प्लायवूडवर १८३ टक्क्यांचं अँटी-डंपिंग शुल्क लावलं, तेव्हा कुठे व्हिएतनामच्या प्लायला वाव मिळाला.

पॉप्लर आपल्याकडेही होता. आपल्या अंबरनाथला आगपेट्या बनवणाऱ्या विमकोनं १९८० च्या दशकात तराईतल्या शेतकऱ्यांना रोपं दिली, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, खरेदीची हमी घेतली. हे झाड हिवाळ्यात पानं गाळतं, म्हणून खालच्या गव्हाला ऊन मिळतं. सहा-आठ वर्षांत ते तोडणीला येतं. मग अडलं कुठे? सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००२ च्या आदेशानं त्यानंच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नव्या कारखान्याला परवाना मिळेनासा झाला. राज्यांच्या हाती हा निर्णय परत आला तो केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर. जंगल वाचवायला कडक आदेश हवाच होता. पण शेतकऱ्यानं स्वतः लावलेलं झाडही त्याच दावणीला बांधलं गेलं, ही मोठी चूक होती असं मला ठामपणे वाटतं. चीनचा प्लाय जगभर गेला, आपला मुख्यतः आपल्याच घरांत राहिला.

चीनचं कौतुक मात्र एवढ्यावरच थांबवायला हवं. त्याच्या कारखान्यांसाठी रशिया, पापुआ न्यू गिनी आणि आफ्रिकेतली झाडं पडली. आपला गर्जन म्यानमारमधून येत होता. १ एप्रिल २०१४ ला त्या देशानं ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा आपल्या उद्योजकांनी सोलयंत्रंच म्यानमार-लाओसला नेली. आपापलं जंगल राखताना दोघांनीही दुसऱ्याच्या जंगलाला हात घातला.

आपल्या राज्यात निलगिरी, सुबाभूळ, मलबार नीम लावणारे शेतकरी आहेत. त्यांच्या बांधावरचं झाड सरकारनं पीक म्हणून मोजावं, तोडीसाठी त्यांना खेटे घालायला लावू नये. आणि वाचकहो, या दिवाळीत कपाट करायला घ्याल तेव्हा आयएसआयची खूण बघाच, पण दुकानदाराला हेही विचारा: वरचा लाल पापुद्रा कुठल्या जंगलातून आला?