कर्कवृत्त की खत-ए-सरतान?

अकोल्याच्या एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत प्रश्न आला : कर्कवृत्त भारतातील किती राज्यांतून जाते? आमची नववीतली मुलगी बझरवर हात ठेवून बसली होती. हात तसाच राहिला. बार्शीटाकळीला परतताना बसमध्ये ती म्हणाली, "सर, जवाब मालूम था. आठ. पण कर्कवृत्त म्हणजेच खत-ए-सरतान, हे कुठं मालूम होतं?"

सरतान म्हणजे खेकडा. कर्क म्हणजेही खेकडाच.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला ऐकवण्यात आलं, "आम्ही सांगतच होतो. आपली पोरं आपल्यातच बरी. सीरतचा मुकाबला आहे, उर्दूचं जनरल नॉलेज आहे. तिथं नेऊन बेइज्जती कशाला?"

सीरतचे मुकाबले मीही घेतो, आवडीने घेतो. मुलं वाचतात, पाठ करतात, स्टेजवर उभं राहायला शिकतात. पण तिथे जिंकणारा आपला आणि हरणाराही आपलाच. तेवढ्यावर समाधान मानून आपण मुलांना जपत नाही, स्वतःची लाज झाकतो.

आणि क्विझ ही 'त्यांची' चीज कधी झाली? बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट १९७२ साली रेडिओवर सुरू झाली ती हमीद सायानींच्या आवाजात. त्यांच्यानंतर ती अमीन सायानींनी चालवली. या दोघांच्या आई कुलसुम सायानी 'रहबर' नावाचं नियतकालिक काढत : सोपी हिंदुस्तानी भाषा आणि लिप्या तीन, नागरी, उर्दू, गुजराती. त्या घराला भाषेची भिंत आड आली नाही. आपल्याला मात्र एका खेकड्याने अडवलं!

आपल्याच वऱ्हाडातलं पाहा. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला १५०० रुपयांवर. २०१९ मध्ये त्यांनी 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकले, मराठी घरातून येऊन हिंदी प्रश्नांची उत्तरं देत. दुसऱ्या भाषेत उत्तर दिल्याने त्यांची मराठी बुडाली नाही.

आयोजकांनाही सोडायचं कारण नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा उर्दू माध्यमातून देता येते. तिथे पेपर हातात असतो. प्रश्नमंजूषेत प्रश्न कानावर पडतो, तोही एकदाच, एकाच भाषेत. 'सर्व माध्यमांच्या शाळांसाठी खुली' असं पत्रकात छापता ना? मग पडद्यावर प्रश्नाखाली उर्दूची एक ओळ टाका. टाइप करून द्यायला मी बसतो, फुकट.

पण हे मागण्याआधी मला माझ्या फळ्याकडे बघावं लागलं. मी उर्दूही शिकवतो, मराठीही. इतक्या वर्षांत अक्षांश आणि अर्ज-उल-बलद हे दोन शब्द मी कधी शेजारी लिहिले नाहीत. भूगोल माझा विषय नाही, असं स्वतःला सांगत आलो. त्या मुलीचा बझर वाजला नाही, त्यात माझा वाटा मोठा आहे.

आता रोज दहा शब्द, दोन्ही लिप्यांत. मुलांनी त्याला 'खेकडा तास' नाव ठेवलंय.

ती यंदा दहावीत आहे आणि तिला पुन्हा जायचंय. तिच्या अब्बांनी एवढंच विचारलं, "सर, यायला रात्र झाली तर?"

मी म्हटलं, "घरापर्यंत मी आणून सोडतो."

त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.