कळफलक, वर्णमाला आणि एक रूढ मत

संगणकावर मराठी लिहिणे अवघड असते, हे मत इतक्या सहजपणे मांडले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. संपर्कसत्रांना येणारे आपणांपैकी बहुतेकजण भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरे टंकतात आणि समोर येणाऱ्या पर्यायांतून मराठी शब्द निवडतात. माझ्या मते अवघडपणा मराठीत नसून या आडवाटेत आहे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या स्वाध्यायात ‘या कथेचे मूल लोककथेत आहे’ असे वाक्य आले. मी अर्धा गुण कापला. नंतर दूरध्वनीवर बोलताना ती म्हणाली, “सर, मी मूळच लिहिलं होतं, फोननं मूल केलं.” गुण परत दिला, पण प्रश्न उरला: त्या वाक्याचे कर्तृत्व कोणाचे? रोमन ‘एल’ हे एकच अक्षर ल आणि ळ या दोघांचा भार वाहते, ‘एन’ न आणि ण यांचा. निवड मग यंत्र करते आणि घाईत आपण ती मान्य करतो. बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही, कारण त्यामागे बोलणाऱ्यांची नियमबद्ध भाषा असते. यंत्राच्या ‘मूल’मागे कोणाचीही बोली नाही.

आता इन्स्क्रिप्ट हा कळफलक पाहा. बहुतेक संगणकांत तो आधीपासूनच असतो, केवळ सुरू करावा लागतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. मधल्या ओळीत प, क, त, च, ट हे अघोष वर्ण. बरोबर त्यांच्या वरच्या कळांवर ब, ग, द, ज, ड हे घोष. शिफ्ट दाबताच याच कळा फ, ख, थ, छ, ठ आणि भ, घ, ध, झ, ढ असे महाप्राण देतात. ऱ्हस्व इकार-उकार मधल्या ओळीत, दीर्घ त्यांच्या डोक्यावर. ल-ची कळ शिफ्टसह ळ देते. र-ची कळ ‘दुसऱ्या’तला ऱ देते. स्वनविज्ञानाच्या घटकात आपण जे वर्गीकरण पाठ केले, तेच येथे बोटांखाली मांडलेले आहे. इंग्रजी कळफलकाची मांडणी एकोणिसाव्या शतकातील टंकयंत्राकडून आली. तिच्यात ध्वनींचा असा कोणताही क्रम नाही. तरीही ती कोणाला अवघड वाटत नाही, कारण ती आपण निमूटपणे शिकलो.

भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर ही मांडणी दाटीची होते, हे मान्य. रात्रपाळी करून स्वाध्याय लिहिणाऱ्याला वेगही हवा असतो. निरोपापुरती रोमन वाट चालेल. परंतु ज्या लेखनाला गुण मिळायचे आहेत, ते तरी थेट देवनागरीत टंकावे. मी स्वतः चाळिशीनंतर हा कळफलक शिकलो. पहिला आठवडा चिडचिडीत गेला, तिसऱ्यात बोटे आपोआप वळू लागली.

त्या विद्यार्थिनीचा पुढचा स्वाध्याय हाताने लिहून आला. सगळे ळ जागच्या जागी होते. पण संगणकावर लिहिणेच तिने सोडावे, असे मला वाटत नाही. येत्या संपर्कसत्रात तिला हा कळफलक दाखवणार आहे.