औषधाला निर्ढावलेला ताप

कपाशीवर वर्षानुवर्षे एकच औषध मारले की अळी त्याला दाद देईनाशी होते, हे आपल्या मंडळींना सांगायला नको. फ्ल्यूच्या विषाणूचेही तसेच. पण त्यात एक गंमत आहे. गंमत कसली, काळजीच म्हणा.

फ्ल्यूवर ऑसेल्टामिवीर नावाचे औषध आहे. विषाणू आपल्या पेशीत वाढतो आणि बाहेर पडताना पेशीला चिकटलेला बंध कात्रीने कापावा तसा तोडतो. हे औषध ती कात्रीच अडकवते. जानेवारी २००८ मध्ये नॉर्वेतून बातमी आली, की तिथल्या एच१एन१ जातीचे निम्म्याहून अधिक विषाणू या औषधाला जुमानत नाहीत. नवल असे, की नॉर्वेत हे औषध फारसे कोणी घेतच नव्हते! कात्रीच्या घडणीत एका जागी फरक पडला होता, आणि तो विषाणू औषधाच्या धाकावाचूनच पसरला. वर्ष-सव्वा वर्षात जगभर त्या जातीचे जवळजवळ सगळे विषाणू तसे झाले. पुढे २००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूच्या नव्या विषाणूने त्यांना हुसकावले. त्या ऑगस्टात पुण्याने काय भोगले ते पुष्कळांना आठवत असेल. नशीब एवढेच, की नव्यावर ही गोळी चालत होती. अमँटाडीन हे जुने औषध मात्र त्याच्यावर चालत नव्हते.

हे कळते कसे? रुग्णाच्या नाका-घशातून बोळा फिरवून घेतलेला नमुना बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जातो. तिथे विषाणू वाढवून, त्याला रोखायला किती औषध लागते ते मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ पासून अशा प्रयोगशाळांचे जाळे विणले आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यातलीच. निवडक विषाणू पुढे लंडन, अटलांटा, मेलबर्न, टोकियो, बीजिंग इथल्या मोठ्या केंद्रांकडे जातात. २०१८ मध्ये जपानात बालॉक्साविर हे नवे औषध आले, आणि त्याला न जुमानणारे विषाणू तिथल्या मुलांत लगेच सापडले, तेही याच नजरेमुळे.

तेव्हा इस्पितळात घशाचा नमुना मागितला तर नाही म्हणू नये. घरात गरोदर सून, दमेकरी आजोबा किंवा तान्हे मूल तापले असेल तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठावा. गोळीचा गुण तेव्हाच अधिक. धाप लागली किंवा ओठ निळे पडले तर घटकाभरही थांबू नये. आणि उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या पोराला देऊ नका.